फुकट दिलेला प्रोसेसरही महाग का पडतो?

एका संगणक कंपनीला एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीने एकदा १० लाख प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या चिपा, फुकट देऊ केले होते. सवलतीत नव्हे, अक्षरशः फुकट. कंपनीने त्यातले १ लाख ६० हजार घेतले आणि बाकीच्यांना नको म्हटलं. युरोपीय आयोगाने २००९ साली एएमडीच्या मोठ्या प्रतिस्पर्ध्याला, इंटेलला, दंड ठोठावला, तेव्हा हा किस्सा त्यानेच जाहीर केला. एरवी एका नगामागे अर्ध्या डॉलरसाठी घासाघीस करणारी कंपनी फुकटचा माल का नाकारेल?

एक हिशेब मांडून पाहू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. समजा, कंपनीला वर्षाला १ कोटी प्रोसेसर लागतात आणि मोठ्या पुरवठादाराचा भाव नगाला १०० डॉलर आहे. तो म्हणतो, तुमच्या गरजेच्या ९५ टक्के माल माझ्याकडून घ्या, नगामागे २० डॉलर परत देतो. ही परतफेड ९५ टक्क्यांच्या वरच्या मालावर नाही, पहिल्या नगापासून सगळ्या मालावर आहे. सगळं त्याच्याकडूनच घेतलं तर बिल होतं ८० कोटी डॉलर.

आता छोटा पुरवठादार येतो आणि १५ लाख प्रोसेसर फुकट देतो. उरलेले ८५ लाख मोठ्याकडूनच घ्यावे लागणार, कारण तेवढा माल पुरवायची छोट्याची ताकद नाही. पण मोठ्याचा वाटा ८५ टक्क्यांवर आला की सवलत गेली आणि भाव पुन्हा १०० झाला. बिल ८५ कोटी. म्हणजे १५ लाख प्रोसेसर फुकट मिळूनही खिशातून ५ कोटी डॉलर जास्त गेले! छोट्याला हा सौदा जिंकायचाच असेल, तर माल फुकट देऊन वर प्रत्येक नगामागे ३३ डॉलर रोख मोजावे लागतील.

‘अमुक प्रोसेसर जास्त चांगला असताना कंपन्या तो का घेत नाहीत’ या नेहमीच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या बेरीज-वजाबाकीत आहे. आपण पाहतो एका चिपची किंमत आणि एका चिपचा वेग. खरेदी विभाग पाहतो तो हा की, ही चिप घेतली तर बाकीच्या लाखो चिपांच्या भावाचं, पुरवठ्याचं आणि तयार आराखड्यांचं काय होईल. बेंचमार्कचे, म्हणजे वेगाच्या चाचण्यांचे, तक्ते त्या बैठकीत असतात, पण निर्णय बहुतेक वेळा दुसऱ्याच कागदावर होतो.

वरच्या हिशेबात खरं घोडं पेंड खातं ते ‘८५ लाख मोठ्याकडूनच घ्यावे लागणार’ या वाक्यापाशी. खरेदीचा किती भाग खरोखर दुसरीकडे वळवता येतो? तो ४० टक्के असता तर गणित पार उलटं झालं असतं. इंटेलविरुद्धचा खटला वर्षानुवर्षं ज्या मुद्द्यांवर चालला, त्यांतला हा एक मोठा मुद्दा. आयोगाचं म्हणणं असं की एसर, डेल, एचपी, लेनोव्हो आणि एनईसी यांना दिलेल्या सवलती अशा अटींवर बांधलेल्या होत्या; एचपीच्या बाबतीत कार्यालयीन डेस्कटॉपच्या ९५ टक्के खरेदीची अट होती. दंड होता १.०६ अब्ज युरो. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो रद्द केला, कारण सवलतींमुळे तितक्याच कार्यक्षम स्पर्धकाला बाजारात टिकणं अशक्य झालं असतं, हे आयोगाला नीट सिद्ध करता आलं नव्हतं. मात्र एएमडीची मॉडेलं उशिरा आणण्यासाठी किंवा त्यांची विक्री मर्यादित ठेवण्यासाठी थेट पैसे दिल्याचा भाग टिकला. त्यासाठी २०२३ मध्ये आयोगाने सुमारे ३७.६ कोटी युरोंचा वेगळा दंड लावला. दरम्यान २००९ मध्येच इंटेलने एएमडीला १.२५ अब्ज डॉलर देऊन आपापसातले दावे मिटवले होते.

घाऊक सवलत हा काही गुन्हा नाही. जास्त माल घेणाऱ्याला स्वस्त देणं हा जगभरचा व्यवहार आहे. सवलत कधी संपते आणि आवळा देऊन कोहळा काढणं कधी सुरू होतं, हे ठरवायला न्यायालयांना दीड दशक लागलं. तेव्हा खरेदी विभागातल्या माणसाने सरळ स्वस्त बिलाकडे पाहिलं, यात त्याला फार दोष देता येत नाही.

ही सवलत अंगवळणी पडली की काय होतं, ते डेलच्या हिशेबात दिसतं. अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने २०१० मध्ये केलेल्या आरोपांनुसार, केवळ आपलेच प्रोसेसर वापरल्याबद्दल इंटेलकडून येणारी रक्कम २००३च्या आर्थिक वर्षात डेलच्या कामकाजी नफ्याच्या १० टक्के होती. २००६च्या आर्थिक वर्षात ती ३८ टक्क्यांवर गेली आणि २००७च्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत तब्बल ७६ टक्क्यांवर. मे २००६ मध्ये डेलने एएमडीचे प्रोसेसर असलेले सर्व्हर आणण्याची घोषणा केली, आणि त्यानंतर ही रक्कम आटली. आरोप मान्य किंवा अमान्य न करता डेलने १० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. नियामकाचा आक्षेप सवलत घेण्यावर नव्हता. नफ्याचा एवढा मोठा भाग कुठून येतो हे गुंतवणूकदारांना सांगितलं नाही, यावर होता.

पण समजा सवलतीचं हे गणित पुसून टाकलं आणि दोन्ही पुरवठादारांनी एकाच भावात, कसलीही अट न घालता प्रोसेसर दिले, तरी एक काढून दुसरा बसवणं सोपं नाही.

बोर्ड आधी, प्रोसेसर नंतर

स्वतः जुळवलेल्या डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर मुख्य सर्किट बोर्डावरच्या सॉकेटमध्ये बसतो आणि काढताही येतो, त्यामुळे तो एक सुटा भाग आहे असा आपला समज होतो. लॅपटॉपमध्ये तो बोर्डावर कायमचा सोल्डर केलेला असतो. इंटेलच्या आणि एएमडीच्या चिपखालचे शेकडो जोडबिंदू वेगळ्या मांडणीचे असतात. म्हणजे पुरवठादार बदलला की बोर्ड नव्याने आखायचा. चिपला वीज देणारं सर्किट बदलतं. मेमरीकडे जाणाऱ्या तांब्याच्या रेषा नव्याने ओढाव्या लागतात, आणि त्यांची लांबी अगदी मोजूनमापून ठेवावी लागते, नाहीतर पूर्ण वेगात चुका होतात. पोर्ट कोणत्या बाजूला सोयीचे पडतील हेही चिपची कोणती कड कुठे येते त्यावर ठरतं. उष्णता वाहून नेणारी नळी आणि पंखा त्या जागी बसला पाहिजे. मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर म्हणजे बायोस वेगळा, एकेक भाग चालवणारी सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर वेगळे.

यातलं बरंचसं काम ज्या कंपनीचं नाव झाकणावर असतं ती करतच नाही. क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेन्टेक अशा तैवानी कंपन्या अनेक ब्रँडांसाठी लॅपटॉप आखतात आणि बनवतात. त्यांच्या दृष्टीने प्रोसेसर पुरवठादार चांगला म्हणजे काय? जो तयार नमुना-आराखडा देतो, बायोसचा पाया देतो आणि मशीन झोपेतून उठताना अडकलं तर दुसऱ्या दिवशी आपला इंजिनिअर प्रयोगशाळेत पाठवतो तो. हे ‘झोपेतून उठणं’ वाटतं तितकं किरकोळ नाही. झाकण मिटलं, पुन्हा उघडलं, मधे चार्जर काढला, डॉक जोडला, वाय-फाय बदललं, अशा जोड्यांची हजारो वेळा चाचणी होते, आणि हजारात एकदा काळा पडदा आला तरी त्याचा छडा लावावा लागतो. माझ्या मते प्रोसेसरच्या लढाईतला सर्वात कमी चर्चेतला घटक हाच आहे. चिप कितीही उत्तम असो, मदतीला माणसं कमी असतील तर पुरवठादाराच्या वाट्याला मॉडेलंही कमीच येतात.

शिवाय हे सगळं साधारण वर्ष-दीड वर्ष आधी सुरू होतं. दुकानात आज दिसणाऱ्या लॅपटॉपचा प्रोसेसर जेव्हा ठरला, तेव्हा तो बाजारात आलाच नव्हता. कंपनीसमोर होता पुरवठादाराचा रोडमॅप, म्हणजे पुढच्या चिपांचं वेळापत्रक, आणि फार तर काही नमुना चिपा. म्हणून खरेदीदार पुरवठादाराचा शब्द पाळण्याचा इतिहास बघतो. इंटेलची १० नॅनोमीटरची पिढी (हा आकडा जितका लहान तितकं चिप घडवण्याचं तंत्र नवं) २०१६च्या सुमारास अपेक्षित होती. ती मोठ्या प्रमाणात हाती यायला २०१९ उजाडलं. तिच्या भरवशावर आखलेल्या मॉडेलांना पुन्हा १४ नॅनोमीटरच्याच चिपा वापराव्या लागल्या.

आणि मॉडेल विकलं की काम संपत नाही. सुटे भाग, दुरुस्तीचं प्रशिक्षण, वर्षानुवर्षं बायोसचे अपडेट हे सगळं मागून येतं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही सुरक्षेतली भगदाडं उघड झाली, तेव्हा प्रत्येक संगणक कंपनीला जुन्या-जुन्या मॉडेलांचे बायोस उकरून काढून दुरुस्त्या द्याव्या लागल्या. यादीत जेवढे बोर्ड, तेवढं काम. एक पुरवठादार वाढवला की ही यादी जवळपास दुप्पट होते.

मग दुसरा पुरवठादार ठेवायचाच कशाला?

कारण एकच ठेवला तर तो डोईजड होतो. हे शहाणपण जुनं आहे, आणि आजची इंटेल-एएमडी स्पर्धा उभी राहण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

आयबीएमने आपला पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी आणला. त्यासाठी इंटेलचा ८०८८ निवडला. मोटोरोलाचा ६८००० त्याहून ताकदवान होता आणि तोही विचारात होता. पण ८०८८ आतून १६ बिटांचा असला तरी बाहेरच्या जगाशी ८ बिटांनी बोलायचा. त्यामुळे तेव्हा बाजारात मुबलक असलेल्या स्वस्त ८ बिटी चिपा त्याच्याभोवती लावता येत होत्या. वेग कमी चालेल, पण वेळेत आणि स्वस्तात झालं पाहिजे, असा तो हिशेब होता. शिवाय आयबीएमची अट होती की प्रोसेसर एकाच कारखान्यावर अवलंबून नसावा. म्हणून इंटेलने आपला आराखडा दुसऱ्याला बनवू द्यायचा होता. १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडीत तसा करार झाला. एएमडीला या घराण्याचे प्रोसेसर पीसीसाठी बनवण्याची वाट मिळाली ती एका खरेदीदाराच्या सावधपणातून.

इंटेलला ही वाटणी फार काळ रुचली नाही. १९८५ मध्ये याच घराण्यातला ३८६ हा नवा प्रोसेसर आला तेव्हा त्याने तो एएमडीला दिला नाही; स्वतःच एकमेव पुरवठादार राहिला. तोवर पीसीचा बाजार इतका वाढला होता की खरेदीदारांना अट घालणं जमलं नाही. उलट कॉम्पॅकने १९८६ मध्ये आयबीएमच्याही आधी ३८६चा संगणक आणला. एएमडीचा ३८६ बाजारात यायला १९९१ उजाडलं, आणि दोघांमधली न्यायालयीन भांडणं त्यानंतरही काही वर्षं चालली.

आजही मोठा संगणक ब्रँड दोन्ही डगरींवर हात ठेवून असतो. यात एक गंमत आहे. दुसऱ्या पुरवठादाराची मॉडेलं कमी विकली तरी ती यादीत असण्याचा फायदा होतो. पुढच्या वर्षीच्या भावाच्या बोलणीत ‘आमचा त्यांच्याकडचा बोर्ड तयार आहे’ असं म्हणता येतं. हे वाक्य खोटं बोलून चालत नाही. पुरवठादाराला तैवानमधल्या कोणत्या कारखान्यात काय चाललंय हे पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे बोर्ड खरोखर बनवावा लागतो, त्यावर खर्च करावा लागतो आणि थोडा तरी विकावा लागतो.

भावापेक्षाही मोठी गरज पुरवठ्याची. २०१८च्या उत्तरार्धात इंटेलचे कारखाने मागणीला पुरे पडेनात. जे काही बनत होतं, त्यात कंपनीने सर्व्हरच्या झिऑनला आणि महागड्या कोअर प्रोसेसरना आधी जागा दिली. साहजिकच तुटवडा स्वस्त मशीनच्या वाट्याला आला. जानेवारी २०१९ मध्ये एचपी आणि एसर यांनी एएमडीचे प्रोसेसर असलेली क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या सिस्टीमवर चालणारे स्वस्त लॅपटॉप, दाखवली. त्याआधी क्रोमबुकमध्ये एएमडी नव्हतीच. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंटेलने ग्राहकांना जाहीर पत्र लिहून दिरंगाईबद्दल माफी मागितली, आणि त्याच महिन्यात डेलने या टंचाईचं कारण देऊन वर्षाच्या महसुलाचा अंदाज खाली आणला. संगणक कंपनीच्या लेखी हे सर्वात वाईट चित्र असतं. पडदे आले, बॅटऱ्या आल्या, पेट्या तयार आहेत, ऑर्डर हातात आहे, आणि एका चिपसाठी सगळं थांबलंय.

एएमडीकडे वळलं म्हणजे ही काळजी मिटली असंही नाही. एएमडीने आपले कारखाने २००९ मध्ये वेगळे काढले आणि आता तिचे मुख्य प्रोसेसर टीएसएमसी या इतरांसाठी चिपा बनवणाऱ्या तैवानी कंपनीत बनतात. त्याच रांगेत ॲपल, एनव्हिडिया आणि क्वालकॉमही उभ्या असतात. २०२०-२१ मध्ये सगळ्यांनाच चिपा कमी पडल्या, तेव्हा एएमडीचाही माल वेळेवर मिळत नव्हता.

झाकणावरचा स्टिकर

जाहिरातीचा पैसा हा सवलतीचाच चुलतभाऊ. १९९१ मध्ये इंटेलने ‘इंटेल इनसाइड’ मोहीम सुरू केली. संगणक कंपनीने आपल्या जाहिरातीत ते चिन्ह दाखवलं की जाहिरातीच्या खर्चाचा काही भाग इंटेल उचलायची. संगणकाच्या धंद्यात नफ्याचं प्रमाण मुळातच तुटपुंजं. तिथे असा हातभार फार मोलाचा ठरतो. २००३ मध्ये आलेल्या सेंट्रिनोने पुढचं पाऊल टाकलं. ते नाव लावायचं तर प्रोसेसर, त्याला बाकीच्या भागांशी जोडणारा चिपसेट आणि वाय-फाय तिन्ही इंटेलचेच हवेत. गिऱ्हाईक दुकानात ‘सेंट्रिनो आहे का’ विचारू लागलं की निवड आधीच झालेली असते.

मोठ्या कार्यालयांना सॉफ्टवेअर बसवण्याचा एकच तयार साचा हजारो मशीनवर चालवायचा असतो. मधेच पुरवठादार बदलला की तो साचा पुन्हा तपासावा लागतो. म्हणून तिथे बदल हळू होतो.

घरचाच प्रोसेसर

सगळ्यांत मोकळा खरेदीदार कोण? ॲपल. कारण ऑपरेटिंग सिस्टीम तिची स्वतःची आहे. १९९४ मध्ये ती मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातून पॉवरपीसी या दुसऱ्या प्रोसेसर घराण्याकडे गेली. २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी पॉवरपीसी सोडून इंटेल घेत असल्याचं जाहीर केलं. कारण सांगितलं ते दर वॅटमागे मिळणाऱ्या कामगिरीचं. त्या घराण्यातला आयबीएमचा जी५ लॅपटॉपमध्ये बसवण्याइतका थंड कधी झालाच नाही. २०२० मध्ये तिने इंटेलही सोडलं आणि स्वतःचा एम१ प्रोसेसर आणला. २००६ आणि २०२० या दोन्ही बदलांत जुने प्रोग्राम नव्या चिपवर चालवणारा रोझेटा नावाचा दुभाष्या तिने स्वतः पुरवला.

विंडोज संगणक बनवणाऱ्यांना हे करता येत नाही. त्यांच्या गिऱ्हाइकाचे जुने प्रोग्राम इंटेल-एएमडीच्या भाषेत लिहिलेले आहेत आणि दुभाष्या पुरवणं मायक्रोसॉफ्टच्या हातात आहे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस पीसी’ जाहीर केले आणि अट घातली की एआयच्या कामांसाठी वेगळा भाग हवा, सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणारा. पहिल्या खेपेतली सगळी मशीन क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवर होती. एएमडी आणि इंटेलचे पात्र प्रोसेसर त्याच वर्षी, पण नंतर आले. त्या काही आठवड्यांत ज्या ब्रँडला हा शिक्का हवा होता, त्याच्यापुढे पुरवठादार एकच होता, आणि तो संगणक कंपनीने निवडलेला नव्हता.

सर्व्हरच्या दुनियेत हिशेब त्या मानाने सरळ आहे. तिथे वीजबिल, जागा आणि कोअरमागे (प्रोसेसरमधल्या प्रत्येक गणना करणाऱ्या भागामागे) मोजावं लागणारं सॉफ्टवेअरचं शुल्क धरून एकूण खर्च निघतो, आणि खरेदीदार इतके मोठे आहेत की ॲमेझॉनने २०१८ पासून ग्रॅव्हिटॉन हा स्वतःचा प्रोसेसरच वापरायला घेतला. पुढे गूगल आणि मायक्रोसॉफ्टही त्या वाटेने गेल्या.

आपण गिऱ्हाईक म्हणून जे पाहतो त्यात या सगळ्याच्या खुणा सापडतात. एकाच नावाचा लॅपटॉप इंटेल आणि एएमडी अशा दोन रूपांत मिळतो, तेव्हा फरक फक्त चिपचा असतो असं समजू नका. पडदा, मेमरीची मांडणी, पोर्ट आणि बॅटरी वेगळी असू शकते. कित्येक वर्षं उत्तम पडदा हवा तर इंटेलचंच रूप घ्यावं लागायचं, आणि एएमडीचे चाहते त्यावरून कटकट करायचे. त्यांची कटकट रास्त होती, पण कारण कटाचं नव्हतं. ज्या बोर्डाची विक्री कमी धरलेली असते त्यावर ब्रँड महाग भाग लावत नाही.

दुसरी खूण नावांच्या आकड्यांत असते. ब्रँडला दरवर्षी नवं मॉडेल दाखवायचं असतं, पण दरवर्षी नवा बोर्ड बनवायचा नसतो. पुरवठादार ही अडचण जाणतात. एएमडीच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये तिसरा आकडा खरी पिढी सांगतो (एएमडीच्या चिप-रचनेच्या पिढ्यांना ‘झेन’ म्हणतात): रायझन ७३२०यू म्हणजे झेन २, ७७३०यू म्हणजे झेन ३ आणि ७८४०यू म्हणजे झेन ४. तिन्हींवर सुरुवातीला ७ आहे आणि दुकानात तिन्ही एकाच वर्षीचे म्हणून शेजारी-शेजारी ठेवलेले असायचे. त्यातला ७७३०यू लॅपटॉप बनवणाऱ्यांना विशेष सोयीचा ठरला, कारण तो ५००० मालिकेच्याच जोडणीवर बसतो. त्यासाठीचे बोर्ड आधीपासून तयार होते.